कासवाचं कौतुक आणि लिंबावर फवारा

आज सकाळी सोसायटीतल्या लिंबावर औषध मारलं. कारण काय, तर अळ्या पानं खातात. कुणाच्या अळ्या? नीलवंतच्या, म्हणजे ब्लू मॉरमॉनच्या. २०१५ पासून हे आपलं राज्य फुलपाखरू आहे! आणि ज्या काकांनी औषध मारायला सांगितलं, त्यांच्याच स्टेटसला कोकणातल्या वेळासच्या कासवपिल्लांचे फोटो. डोकंच फिरलं.

ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खड्डा खणते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि जाते. त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही. नीलवंतची मादी पुढच्या पायांनी पान चाचपते, तिला पायांनीच चव कळते. लिंबू, पपनस, माकडलिंबू, याच कुळातलं पान हवं. पटलं की मोहरीएवढं एकच अंडं ठेवते आणि उडते. दोघींनी पिल्लांसाठी केलेलं काय, तर जागा निवडली. ती जागा बिघडली की संपलं.

कासवमित्र घरटं हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखीव कुंपणात हलवतात ते काही तासांच्या आत, अंडं जसं होतं तसंच धरून. उशीर झाला आणि अंडं फिरलं तर कवचाला आतून चिकटलेला गर्भ मरतो. नवा खड्डाही तेवढाच खोल, तळाशी रुंद. उथळ झाला तर वाळू तापते. जास्त उबेत माद्याच जास्त निघतात, फारच तापली तर पिल्लं आतच मरतात. असे ४५ ते ६० दिवस सांभाळायचं. आणि आपल्या लिंबाला दोन मिनिटं कुणी निरखून बघितलं नाही.

लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते, डिवचलं की डोक्यामागून लाल शिंगं काढते, उग्र वास सोडते. मुंगी हटेल त्याने. फवारा कसा हटेल?

कुंडीतलं दोन फुटी रोप चार अळ्या बोडकं करतात, मान्य. मग अळी ओढू नका, ती पाय घट्ट रोवून असते, इजा होते. पान देठासकट कापा आणि मोठ्या लिंबावर अडकवा. ती आपली आपण सरकते. आपलं झाड तर दहा फुटी आहे हो!

कासवाला वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात, फुलपाखरू दीडेक महिन्यात तयार, म्हणून कासवाची काळजी जास्त. बरं, तेही खरं. पण मग किनाऱ्यावर जाऊन टॉर्च तरी मारू नका, पिल्लं उजेडाकडे वळतात.

काका वाईट नाहीत. त्यांना कुणी सांगितलंच नसेल, उद्या सांगते.

संध्याकाळी लिंबामागच्या पाइपवर एक कोष दिसला, कमरेला रेशमाचा दोर बांधलेला. कोष करायच्या आधी अळी कधीकधी झाड सोडते, ही तशी वेळेत सुटली असावी. वॉचमनला सांगितलंय, दोन-तीन आठवडे त्या पाइपवर पाणी मारू नका.