वस्ती तीच, फॉर्म नवा

नागपुरात राहून गरिबांच्या आरोग्यावर संशोधन करायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे ऐकून आनंद झाला. जागा झकास निवडलीत. पुण्या-मुंबईच्या माणसाला गडचिरोलीचा मलेरिया बघायला रात्रभर प्रवास करावा लागतो. तुम्ही तर्री-पोहे खाऊन निघालात तर दुपारच्या आत पोचता. यवतमाळात फवारणीची विषबाधा आहे, मेळघाटात कुपोषण आहे, आणि तेवढंही लांब जायचं जिवावर आलं तर मे महिन्यात खिडकी उघडा, उष्माघात दारात उभाच असतो. डेंग्यू तर तुमच्याच कूलरमध्ये आहे.

मी बारा वर्षं या शहरातल्या वस्त्यांमध्ये दुसऱ्यांचे फॉर्म भरत फिरलो. कधी कुणाच्या थिसिससाठी, कधी परदेशी पैशाच्या प्रोजेक्टसाठी, कधी सरकारी पाहणीसाठी. संशोधक काही झालो नाही, ‘क्षेत्र अन्वेषक’ झालो. म्हणजे उन्हात जो जातो तो. त्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो, फुकट आहेत.

विषय असा घ्या की ज्याचं उत्तर घरबसल्या माहीत आहे. ‘अमुक वस्तीतील मातांचे तमुक आजाराविषयीचे ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन’ हा साचा अजून कुणाला दगा देत नाही. निष्कर्ष आधीच लिहून ठेवता येतो: ज्ञान अपुरं, दृष्टिकोन बरा, वर्तन असमाधानकारक, जनजागृतीची गरज. आकडे नंतर भरा. जगभरात आरोग्य संशोधनावर जो पैसा खर्च होतो त्यातला दहा टक्केसुद्धा गरीब देशांच्या आजारांवर होत नाही, आणि आजारांचं ओझं मात्र नव्वद टक्के त्यांच्याच डोक्यावर, अशी ओरड नव्वदच्या दशकापासून आहे. ‘१०/९० ची दरी’ असं तिचं नावही पडलं. त्या दहातून माझ्या डोळ्यांदेखत वस्तीत पोचलेली वस्तू म्हणजे घरटी एक साबणाची वडी. हात धुण्यावरचा प्रोजेक्ट होता. वस्तीत पाणी एक दिवसाआड येत होतं.

मग संमतीपत्र. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून माणसाला विचारल्याशिवाय त्याच्यावर संशोधन करता येत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून विचारायचं, पण अशा मराठीत विचारायचं की तो कधीच नाही म्हणणार नाही. ‘सदर संशोधनातील आपला सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून आपण कोणत्याही टप्प्यावर, कोणतेही कारण न देता, माघार घेऊ शकता.’ हे वाक्य मी एका आजीला तीनदा वाचून दाखवलं. शेणानं सारवलेला ओटा, दाराच्या चौकटीवर खडूनं लिहिलेले पाच-सहा पाहण्यांचे नंबर, कडेला पोलिओचा टिळा. आजीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे घरकुल भेटन का रेशनकार्ड?”

“दोन्ही नाही, आजी. फक्त माहिती पाहिजे.”

“मंग आंगठा कायले पायजे, बाबू?”

याचं उत्तर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मार्गदर्शक तत्त्वांत आहे. ती आजीजवळ नव्हती. अंगठा मात्र होता, तो मी घेतला, आणि तिच्याच सुनेला निष्पक्ष साक्षीदार म्हणून खाली सही करायला लावली.

गरीब किती गरीब आहे हे मोजल्याशिवाय पेपर छापून येत नाही. त्यासाठी शहरात कुप्पुस्वामी पट्टी आहे, १९७६ सालची. घरच्या कर्त्याचं शिक्षण, त्याचा धंदा आणि कुटुंबाची महिन्याची कमाई, तिन्हींच्या गुणांची बेरीज केली की वर्ग निघतो. रुपया घसरतो म्हणून कमाईचे आकडे महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे वारंवार नव्यानं मांडावे लागतात, आणि ते मांडणं हाच एक स्वतंत्र शोधनिबंध होतो. गरिबी हटवणं आपल्या हातात नसलं तरी गरिबीची पट्टी दरसाल हटवता येते. अडचण एकच, कर्ता कोण? दुपारी बाराला तुम्ही जाता तेव्हा कर्ता खाटेवर पालथा झोपलेला असतो. बायको रामदासपेठेत चार घरची भांडी घासून नुकतीच आलेली, घर तिच्याच पैशावर चाललेलं. पण फॉर्मात कर्त्याची चौकट एकच आहे आणि तिच्यात तोच बसतो. त्याला उठवू नका. त्याचं शिक्षण तिला विचारून लिहा. ती दोन यत्ता वाढवूनच सांगेल.

आता डेंग्यू. यात नागपूरकरानं मागे राहण्याचं कारणच नाही. एडिस डास घाणीत नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आपल्याकडे पाऊस लागला की कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच. लोखंडी धूड, हलवणार कोण? ‘सुकून जाईन आपोआप’ म्हणतात. सुकतंही. पण अंडी टाकीच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी जगतात आणि पुढे पाणी पडलं की उठून बसतात. म्हणून टाकी नुसती ओतून भागत नाही, ब्रशनं घासून काढावी लागते. एवढी गोष्ट एका वाक्यात सांगून होते, म्हणूनच ती पाहणीच्या वेळी सांगू नये. सांगितली आणि एखाद्या बाईनं खरंच टाकी घासली, तर तुमचा दुसऱ्या फेरीचा आकडा बिघडेल.

तुम्ही फक्त मोजा. शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. नाव फ्रेंच असल्यानं वजन पडतं. ड्रमात टॉर्च मारा. अळ्या पाण्याच्या पृष्ठाला शेपटीनं लटकलेल्या असतात, डोकं खाली, आणि उजेड पडला की वळवळत तळ गाठतात. (पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते फार देखणं वाटलं होतं. असं कुणाला सांगू नका.) वस्तीत तुम्हाला ड्रम भरपूर सापडतील, कारण नळाचा भरवसा नाही आणि ड्रम न भरणारी बाई दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या दारात उभी असते. बंगल्यांच्या ओळीत मात्र गच्चीवर तीन-तीन कूलर, बाटलीतला मनीप्लांट, फ्रीजमागचा ट्रे, कारंजं, हे सगळं असतं आणि फाटकावर चौकीदार असतो. तो आत सोडत नाही. मी अशी सगळी घरं सांगितल्याप्रमाणे ‘कुलूप’ म्हणून नोंदवली. परिणाम फारच सुबक आला: अळ्या फक्त गरिबांकडे सापडल्या. कारणमीमांसेत ‘अज्ञान’ लिहून मोकळं होता आलं.

उष्माघातावर काम करायचं असेल तर परिषद मे महिन्यातच ठेवा, सभागृह मात्र १८ अंशांवर. पाहुणे शाल मागतील ती द्या. हा विषय सोयीचा आहे, कारण उन्हानं मेलेला माणूस कागदावर उन्हानं मरतच नाही. उष्माघात म्हणायला शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं आणि शुद्ध हरपलेली लागते. मजूर दवाखान्यात पोचेपर्यंत थंड झालेला असतो आणि कागदावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ येतं. हृदयक्रिया शेवटी सगळ्यांचीच बंद पडते, त्यामुळे ते खोटंही नसतं. अहमदाबादेत काही मंडळींनी उगाच आगाऊपणा केला. त्यांनी मे २०१० मधले सगळेच मृत्यू मोजले, कारण काहीही असो, आणि इतर वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहिले. १,३४४ जास्तीचे निघाले. मग २०१३ मध्ये शहराला उष्मा कृती आराखडा करावा लागला. बघा, साधी बेरीज-वजाबाकी केली आणि केवढं काम अंगावर आलं.

तुम्ही त्यापेक्षा बांधकामावर जा आणि घमेलं वाहणाऱ्या बाईला विचारा, ‘तुम्ही दिवसातून किती पाणी पिता?’ एक ते दोन ग्लास, तीन ते चार, पाचपेक्षा जास्त. मी विचारलं होतं. तिनं ‘एक’ म्हटलं. का, हे फॉर्मात नव्हतं, मी आपलं विचारलं. ती हसली आणि साइटकडे हात केला. चहूकडे पत्रे, माणसं, ट्रक, बाईनं आडोशाला जावं असा कोपरा कुठे नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पाणी पिऊन करायचं काय? मी ‘एक ते दोन ग्लास’वर टिक केली. अहवालात ती ‘निर्जलीकरणाबाबत अपुरे ज्ञान’ असलेल्यांच्या टक्केवारीत गेली. तिच्याइतकं त्या विषयाचं ज्ञान आमच्या पथकात कुणालाच नव्हतं.

आशाताईंना सोबत घ्यायला विसरू नका. त्या स्वयंसेविका आहेत, म्हणजे कामाची यादी पगारी माणसाची आणि पगार मात्र नाही, मोबदला. गल्ली त्यांना ठाऊक, कोणत्या घरात बाळंतीण आहे ते त्यांना ठाऊक, कुत्रं कुठलं चावतं तेही. तुमच्यासाठी दार त्यांच्या आवाजावर उघडतं. शेवटी आभारात ‘स्थानिक आरोग्य कर्मचारी’ एवढं पुरे. नाव घातलं तर लेखकांची रांग लांबते, आणि त्या रांगेत थंडीत येऊन दोन दिवस राहून संत्री खाऊन गेलेल्या परदेशी प्राध्यापकांना जागा ठेवायची असते.

सगळ्यात मानाचा विषय सिकलसेल. विदर्भात याला तोटा नाही. रक्ताची गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक नळ्यांत अडकते, आणि मग सांधे असे दुखतात की पोर भिंतीवर डोकं आपटतं. आईबाप दोघंही नुसतेच वाहक असले, त्यांना स्वतःला काही त्रास नसला, तरी दर गरोदरपणी मूल सिकलसेलग्रस्त निघण्याची शक्यता चारात एक. म्हणजे वाहक आहे की नाही हे मुलीला लग्नाआधी कळलं तर उपयोग. रक्त घेणाऱ्याला मात्र ते कधीही कळलं तरी चालतं. त्याचा तक्ता पूर्ण होतो. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत सिकलसेलचं उच्चाटन करायचं आहे. घाई नाही. मघाच्या आजीच्या नातीचं रक्त माझ्या माहितीत तीन वेगवेगळ्या पथकांनी घेतलं. एकदा मीच नळीवर चिठ्ठी चिकटवली होती. रिपोर्ट एकदाही घरी आला नाही. नमुन्याला नंबर असतो, नाव नसतं. गोपनीयतेचा नियम आहे. तो आम्ही इतका कसोशीनं पाळला की तिचा निकाल तिच्यापासूनही गोपनीय राहिला.

एक धोक्याची सूचना दिल्याशिवाय राहवत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांची ‘सर्च’ नावाची संस्था आहे, त्या वाटेला चुकूनही जाऊ नका. यांनी नवजात बाळं का मरतात ते शोधलं, इथवर ठीक. पण तिथे थांबून पेपर लिहायचा की नाही? त्यांनी ३९ गावांतल्या साध्यासुध्या बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, श्वास अडला तर काय करायचं, जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिकचं इंजेक्शन देणं, तेही घरात जाऊन. हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५.५ वर आला. १९९९ ला ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशांना नवजात बाळाच्या घरी जाणं लागू झालं. आता सांगा, प्रश्नच कमी करून टाकला तर पुढच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी थिसिस कशावर करायचा?

तुम्ही असं काही करणार नाही, याची खात्री आहे. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात ‘या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे’ हे वाक्य येईल, आणि त्या अधिक संशोधनासाठी तुम्ही, किंवा तुमचा विद्यार्थी, त्याच वस्तीत जाल. तीच वस्ती का? कारण ती कॉलेजपासून जवळ आहे, तिथे गाडी लावायला जागा आहे, आणि लोकांना सवय झाली आहे.

माझी शेवटची पाहणीही तिथलीच. पाणी साठवण्याच्या सवयींवर होती. आजीनं मला ओळखलं. फॉर्म उघडायच्या आत स्वतःच सुरू झाली, “घरात माणसं सहा, संडास हाये, गॅस हाये, शिक्षण नाही, बिमारी शुगरची. लिवून घे.” मी लिहीत होतो. मग ती थांबली.

“पोरीचं रक्त नेलं होतं तुम्ही लोकाईनं. काय निघालं त्याचं? वैशाखात लगीन हाये तिचं.”

उत्तरदात्यानं प्रश्न विचारला तर काय करायचं, हे प्रशिक्षणात सांगितलेलं नव्हतं. ‘माहीत नाही’चा कोड ९९ असतो, पण तो तिच्यासाठी, माझ्यासाठी नाही. मी पान उलटून पुढचा प्रश्न वाचायला घेतला: तुमच्या घरी पाणी किती भांड्यांत साठवता? तेवढ्यात गल्लीत बादल्यांचा आवाज झाला. “नळ आला व!” कुणीतरी ओरडलं, आणि आजी गुडघ्यावर हात देत उठली, दोन कळशा उचलल्या नि गेली. पंधरा मिनिटं थांबलो, आली नाही. फॉर्म अर्धवट का राहिला, यासाठी खाली तीनच पर्याय होते: कुलूप, आजारपण, असहकार.

मी ‘असहकार’वर टिक केली.