काँक्रीट असले म्हणून मंदिर नवे ठरत नाही

टोकियोच्या असाकुसा भागातील सेन्सो-जी हे बौद्ध मंदिर 'प्राचीन म्हणून दाखवली जाणारी आधुनिक इमारत' आहे, हे त्या मंदिरावरील एका लेखात केलेले विधान मला पटले नाही. इसवी सन ६४५ मध्ये स्थापन झालेल्या या मंदिराचे मुख्य सभागृह मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाले आणि १९५८ मध्ये ते प्रबलित काँक्रीटमध्ये पुन्हा उभे राहिले, हे खरेच आहे. परंतु ज्या शहराने एका रात्रीत आपली लाकडी वस्ती राख होताना पाहिली, त्याने पुन्हा लाकूडच वापरावे ही अपेक्षा मला तरी विचित्र वाटते. छतावरील कौले आता टायटॅनियमची आहेत, तीही केवळ हौसेखातर नव्हे. भूकंपप्रवण प्रदेशात छताचे वजन जितके कमी, तितका खालच्या बांधकामावरचा ताण कमी.

मी स्वतः तेथे गेलो तेव्हा ती कौले धातूची आहेत हे सांगितल्याशिवाय माझ्या लक्षात आले नव्हते. लेखकाने पूर्वेकडील नितेन्मोन द्वाराचा उल्लेख मात्र करायला हवा होता. १६४९ चे हे लाकडी द्वार त्या आगीतून वाचले, आणि मुख्य रस्त्यावरच्या प्रचंड कंदिलापाशी छायाचित्रे काढणारी गर्दी तिकडे क्वचितच फिरकते. शिवाय गाभाऱ्यातील कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूळ मूर्ती दर्शनासाठी कधीच उघडली जात नाही; भाविक हात जोडतात ते न दिसणाऱ्या मूर्तीपुढे, आणि भोवतालची भिंत लाकडाची आहे की सिमेंटची, याची चौकशी करताना मला तेथे कोणीही आढळले नाही.