"क्लिक कोणी केलं?" हा प्रश्न आधी बंद करा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यातल्या छोट्या कंपन्यांचे कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा धंदा. पंधरा-वीस माणसांचं ऑफिस, एक सर्व्हर (म्हणजे कोपऱ्यातला त्यातल्या त्यात बरा पीसी), त्यावर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. अशा ठिकाणी रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस) घुसलं किंवा खोट्या मेलवर पैसे गेले की शेठचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "क्लिक कोणी केलं?"

या एका प्रश्नाने व्हायरसपेक्षा जास्त नुकसान होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रॅन्समवेअर सगळं काही एका क्षणात गिळत नाही. ते एकेक फाइल कुलूपबंद करत जातं. आधी त्या पीसीवरच्या, मग नेटवर्कवर दिसणाऱ्या शेअर्ड फोल्डरमधल्या. ज्याच्या स्क्रीनवर फाइलींची नावं बदललेली पहिल्यांदा दिसतात, त्याने तेव्हाच लॅनची वायर उपटून बाकीच्यांना ओरडून सांगितलं तर बरंच काही वाचू शकतं. पण नोकरीची धास्ती घेतलेला माणूस ओरडत नाही. तो रीस्टार्ट मारतो, अँटीव्हायरसचं स्कॅन लावतो आणि कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून देवाचा धावा करत बसतो. तोवर टॅलीचा डेटा गेलेला असतो आणि सर्व्हरला कायम लटकवून ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्कही गेलेली असते. (ती डिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवा, हे मी प्रत्येक व्हिजिटला सांगतो. सगळे माना डोलावतात.)

मेलच्या फसवणुकीतही वेळेचाच खेळ आहे. पैसे चोराच्या एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळवले जातात. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन गेला तर पुढच्या बँकांना कळवून ती रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता असते. अकाउंटंटने दोन दिवस घाबरून तोंड उघडलं नाही, तर थांबवायला काही उरत नाही.

आणि या मेलना फसणारी माणसं बावळट नसतात. चोर आधी कोणाच्या तरी मेलबॉक्समध्ये शिरतो आणि गुपचूप वाचत राहतो. कोणाचं बिल कधी येतं, अकाउंटंट मॅडम कोणाला "सर" म्हणतात, सगळं बघतो. कधी त्या मेलबॉक्समध्ये एखादा रूल (मेल आपोआप हलवणारी सेटिंग) लावून ठेवतो, म्हणजे त्या सप्लायरचे खरे मेल इनबॉक्समध्ये न येता दुसऱ्याच फोल्डरमध्ये जातात. मग बिलाच्या बरोबर तारखेला मेल येतो: आमचं बँक खातं बदललंय, पेमेंट नव्या खात्यात करा. पत्त्यात एखादंच अक्षर इकडचं तिकडे. 2015 मध्ये ओएनजीसीचे 197 कोटी असेच भलतीकडे गेल्याचं उघड झालं. मेलच्या पत्त्यात "ओएनजीसी"च्या जागी "ओजीएनसी" होतं, आणि पैसे पाठवणारी सौदीची तेल कंपनी अरामको होती. अरामकोच्या ऑफिसात जे निसटलं, ते संध्याकाळी सातला चाळीस पेमेंट उरकणाऱ्या आपल्या मॅडमला दिसायलाच हवं होतं, हा कुठला न्याय?

कधी कधी तर क्लिक कोणी केलेलंच नसतं. आपल्याच दारातलं उदाहरण घ्या. 27 जून 2017 ला नॉटपेट्या नावाच्या व्हायरसचा हल्ला झाला तेव्हा न्हावा शेवा बंदरातलं जीटीआय हे कंटेनर टर्मिनल ठप्प झालं होतं. ते मेअर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या एका कंपनीकडे होतं. मेअर्स्कमध्ये तो व्हायरस शिरला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. न्हावा शेवातल्या कोणी काय चूक केली? काहीच नाही. वर खंडणी भरूनही फाइली परत मिळायची सोयच त्यात नव्हती. पुढे जानेवारी 2018 मध्ये दावोसला मेअर्स्कच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगितलं की 4,000 सर्व्हर आणि 45,000 पीसी नव्याने उभे करावे लागले. एवढी मोठी कंपनी जगासमोर बोलते आणि आमचे शेठ स्वतःच्या सीएपासूनही लपवतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा 2022 चा आदेश असे प्रकार 6 तासांच्या आत कळवा म्हणतो, त्याचं नाव काढलं तरी "नको रे, बोभाटा होईल" असं उत्तर मिळतं.

बरं, चौकशी करायचीच असेल तर वरून सुरू करा. घरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉप (दुरून पीसी चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवायला कोणी सांगितलं? पासवर्ड कंपनीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, हा कोणाचा हट्ट होता? लायसन्सचे पैसे वाचवायला क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर कोणाच्या परवानगीने आलं? विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तरी "चालतंय ना, मग कशाला?" म्हणून जुने पीसी कोणी रेटले? एवढं सगळं उघडं ठेवायचं आणि खापर बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या मुलाच्या डोक्यावर फोडायचं.

ट्रेनिंग देऊ नका असं नाही. विंडोजमध्ये फाइलीच्या नावाचं शेपूट (.pdf, .exe) दिसेल अशी सेटिंग करून दिली, तर पीडीएफचं सोंग घेतलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल निदान ओळखू येते. एवढं अर्ध्या तासात शिकवून होतं. पण ट्रेनिंगनंतरही कोणीतरी, कधीतरी फसणारच. तेव्हा तो माणूस पाच मिनिटांत सांगतो की दोन दिवसांनी, यावर सगळं ठरतं, आणि ते शेठच्या स्वभावावर अवलंबून असतं.

म्हणून नवीन एएमसी घेताना मी हल्ली एक अट घालतो. शेठने सगळ्या स्टाफसमोर दोन गोष्टी बोलायच्या. एक, स्क्रीनवर काही विचित्र दिसलं तर वायर काढा आणि मला फोन करा, पगार कापला जाणार नाही. दोन, खातं बदलल्याचा किंवा अर्जंट पेमेंटचा मेल आला, मग तो शेठच्या नावाने का असेना, मॅडमनी डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत पेमेंट अडवायचं. मेलमध्ये दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही, तो चोराचाच असतो.

पहिल्या गोष्टीला शेठ कसेबसे तयार होतात. दुसरीला मात्र चेहरा पडतो, कारण मॅडमनी उलट फोन करून आपल्याला विचारायचं म्हणजे काय! तिथे मी अडून बसतो. मेल खरा निघाला, पेमेंट दोन तास उशिरा गेलं, सप्लायर कुरकुरला, तरी मॅडमना एक शब्द बोलायचा नाही. हे मान्य नसेल तर त्यांनी दुसरा माणूस बघावा.