पीटर ॲलन एका रात्रीत मोठा झाला नाही

२६ जानेवारी जवळ आला की सिडनीतल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. आपला प्रजासत्ताक दिन आणि इथला ऑस्ट्रेलिया डे एकाच तारखेला, त्यामुळे सकाळी तिरंग्याचे फोटो आणि दुपारी ही गोष्ट. गोष्ट गायक-गीतकार पीटर ॲलनची. थोडक्यात ती अशी: टेंटरफिल्ड नावाच्या आडगावात खोगीर शिवणाऱ्या गरिबाचा नातू, गाण्याबजावण्याचा गंध नाही, शिकायची सोय नाही. १९६४ मध्ये हाँगकाँगच्या एका हॉटेलात हॉलिवूडची गायिका-अभिनेत्री जूडी गार्लंडने त्याला ऐकलं, बरोबर नेलं, आपली मुलगी लायझा मिनेली त्याला दिली आणि खेड्यातला पोरगा एका रात्रीत जगाच्या स्टेजवर पोचला. मग गावाला विसरला. देशाची आठवण आली ती थेट क्वांटस या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने जाहिरातीसाठी गाणं लिहून घेतलं तेव्हा. खाली आईवडिलांसाठी उपदेश: नशीब उघडायला एक क्षण पुरतो.

यंदा माझ्या भाचीनेही तो वाचला. ती सहा वर्षं पियानो शिकतेय. तिने विचारलं, "मावशी, मग एवढी प्रॅक्टिस कशाला?" म्हणून हे लिहायला बसले. या मजकुरात जवळजवळ प्रत्येक ओळ एक तर चुकीची आहे किंवा अर्धवट.

सुरुवात 'आडगावा'पासून करू. पीटर रिचर्ड वुलनॉ टेंटरफिल्डमध्ये जन्मला हे बरोबर, १० फेब्रुवारी १९४४. पण वाढला तो आर्मिडेलमध्ये, तिथून दोनेकशे किलोमीटर दक्षिणेला. दोन्ही गावं न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या न्यू इंग्लंड पठारावरची. मेंढ्यांची कुरणं, हिवाळ्यात कडाक्याची थंडी. टेंटरफिल्ड लहान गाव, पण १८८९ मध्ये न्यू साउथ वेल्सचा तेव्हाचा प्रीमियर हेन्री पार्क्सने ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या ब्रिटिश वसाहतींनी एक देश व्हावं म्हणून केलेलं भाषण तिथल्याच सभागृहात झालं. आर्मिडेलमध्ये तर १९५४ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे. ग्रामीण भाग, नक्कीच. पण तिथे पियानो होते, शिकवणारे होते आणि मुलाला पियानो आणि नाच शिकायला पाठवणारी आई होती. मजकुरात या आईचा, मॅरियनचा, साधा उल्लेख नाही.

आणि तिथे एक पब होता. आर्मिडेलच्या न्यू इंग्लंड हॉटेलात हा मुलगा अकराव्या वर्षी पियानो वाजवायला लागला. त्या काळी ऑस्ट्रेलियात पबच्या मुख्य बारमध्ये बायकांना प्रवेश नसायचा. त्यांच्यासाठी वेगळी खोली, 'लेडीज लाउंज'. पीटर वाजवायचा तो तिथे. कल्पना करा, बायका आठवड्याच्या गप्पा मारताहेत, ग्लास वाजताहेत, कुणी हसतंय, आणि कोपऱ्यातल्या पियानोवर शाळकरी पोरगा. तिथे कुणी तिकीट काढून आलेलं नसतं. तुमच्याकडे लक्ष द्यायची कुणाला गरज नसते. गप्पांच्या वर आवाज न चढवता माणसं आपल्याकडे वळवायची, कुणाला काय आवडेल ते चेहऱ्यावरून ओळखायचं आणि पुढचं गाणं तेच घ्यायचं. पुढे न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत पियानोशी बसून, गाण्यांच्या मधे लोकांशी बोलत त्याने जी मैफल रंगवली, तिचं शिक्षण मला तरी या खोलीत दिसतं. खेड्याने त्याला अडवलं असं म्हणणाऱ्यांनी आधी हा पब पाहावा.

आता जूडी गार्लंड. पीटर चौदा वर्षांचा असताना, १९५८ मध्ये, त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली. युद्धावरून परतल्यापासून त्यांचं दारूपायी सगळं बिघडत गेलं होतं. त्यानंतर आई, तो आणि धाकटी बहीण लिझमोरला गेले. लवकरच त्याने शाळा सोडली आणि सर्फर्स पॅरडाइजला काम शोधायला गेला. तिथे ख्रिस बेल भेटला. सख्खे नसलेले हे दोघं 'ॲलन ब्रदर्स' झाले, आणि वुलनॉचा ॲलन झाला तो तेव्हा. 'बँडस्टँड' या टीव्ही कार्यक्रमामुळे साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच देशभर लोक त्यांना ओळखत होते. तिथून आशियातल्या हॉटेलांचे कार्यक्रम आणि मग हाँगकाँगचं हिल्टन. म्हणजे जूडीने ज्याला ऐकलं तो वीस वर्षांचा, नऊ वर्षं लोकांसमोर वाजवत आलेला कलाकार होता.

तीही कुठल्या अवस्थेत हाँगकाँगला आली होती! मे १९६४ मध्ये मेलबर्नच्या कार्यक्रमाला ती तासभर उशिरा आली, लोकांनी हुर्यो उडवली, ती कार्यक्रम अर्धवट टाकून निघून गेली. हाँगकाँगमध्ये बाहेर वादळ आणि ही झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने रुग्णालयात. ॲलन ब्रदर्सना आधी ऐकलं ते तिच्यासोबत असलेल्या मार्क हेरनने, मग तो तिला घेऊन गेला. तिने त्यांना आपल्या कार्यक्रमाआधी गायला घेतलं, लंडन आणि अमेरिका दाखवली. हे उपकार मोठेच आणि पीटरने ते कधी नाकारले नाहीत. पण परिस मिळाला की लोखंडाचं सोनं होतं, तसं इथे काही झालं नाही. दार उघडलं, एवढंच. त्यानंतर सहा वर्षं ही जोडी दुसऱ्यांच्या आधी गात आणि नाइटक्लब धरून होती. १९७० मध्ये जोडी फुटली तेव्हा पीटर सव्वीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर एकही हिट गाणं नव्हतं.

'लायझाचा नवरा' या मुद्द्याला फार शब्द खर्च करत नाही. ओळख जूडीनेच करून दिली, लग्न मार्च १९६७ मध्ये झालं, १९७० मध्ये दोघं वेगळे झाले, १९७४ मध्ये घटस्फोट. त्याची नाव घेण्यासारखी जवळजवळ सगळी गाणी वेगळं झाल्यानंतरची आहेत. मजकूर जे नाव गाळतो ते ग्रेगरी कॉनेलचं. टेक्ससचा हा माणूस सुमारे पंधरा वर्षं पीटरचा जोडीदार होता आणि त्याच्या कार्यक्रमांची प्रकाशयोजना करायचा. १९८४ मध्ये एड्सने तो गेला, १९९२ मध्ये त्याच आजारात पीटर गेला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. एका स्टारच्या जावईपणाची गोष्ट सांगायची आणि त्याचं खरं घर पुसून टाकायचं, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

'एका रात्रीत' या शब्दांचा हिशेबही एकदा मांडू. १९७१ ला पहिला स्वतंत्र अल्बम, विशेष कुणी घेतला नाही. १९७४ ला जेफ बॅरीबरोबर लिहिलेलं 'आय ऑनेस्टली लव्ह यू' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, पण ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या आवाजात. 'डोन्ट क्राय आउट लाउड' गाजलं ते मेलिसा मँचेस्टरचं. त्याच्या स्वतःच्या आवाजातलं 'आय गो टू रिओ' १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात अव्वल ठरलं. १९८१ मध्ये न्यूयॉर्कचं रेडिओ सिटी म्युझिक हॉल त्याने भरवलं, रॉकेट्स या तिथल्या नर्तकींच्या रांगेत नाचला आणि उंटावर बसून स्टेजवर आला. आर्मिडेलच्या लाउंजपासून मोजलं तर सव्वीस वर्षं.

१९८२ च्या ऑस्करचीच गंमत पाहा. 'आर्थर' चित्रपटाच्या गाण्यासाठी चार जणांना तो मिळाला: बर्ट बॅकरॅक, कॅरोल बेयर सेगर, ख्रिस्तोफर क्रॉस आणि पीटर. पण हे गाणं तयार होत असताना पीटर त्या खोलीत नव्हताच. बऱ्याच आधी त्याचं विमान उतरायची परवानगी मिळेना म्हणून न्यूयॉर्कवर घिरट्या घालत होतं. चंद्र आणि शहर यांच्यामध्ये अडकल्याची ती कल्पना त्याला तिथे सुचली, सेगरबरोबरच्या एका गाण्यात त्याने ती वापरली आणि ते गाणं बाहेर आलंच नाही. पुढे त्यातली ओळ नव्या गाण्यात गेली. पडून राहिलेल्या गाण्याने ऑस्कर दिला. माझ्या भाचीला मी हीच गोष्ट सांगितली.

आणि यश एकदा मिळालं की कायमचं, असंही नव्हतं. १९८८ च्या डिसेंबरमध्ये ब्रॉडवेवर आलेलं त्याचं संगीत नाटक 'लेग्ज डायमंड' ६४ प्रयोगांत गुंडाळलं गेलं. अनेक वर्षांची मेहनत होती ती. यावर मजकूर गप्प आहे.

एवढी सरमिसळ झाली कशी? मला वाटतं बराच भाग 'द बॉय फ्रॉम ऑझ' या संगीतिकेतून आलाय. १९९८ मध्ये ती सिडनीत आली, २००३ मध्ये ह्यू जॅकमनला घेऊन ब्रॉडवेवर. उत्तम आहे, मी पाहिलीय. पण नाटकाला अडीच तासांत तीस वर्षं बसवायची असतात, त्यात गाणी आपल्या काळापासून हलवली जातात. ते नाटकाला शोभतं. चरित्र म्हणून पुढे ढकलायला नाही.

राहिला गावाचा आणि देशाचा मुद्दा. 'आय स्टिल कॉल ऑस्ट्रेलिया होम' १९८० चं आहे. क्वांटसच्या जाहिरातींत ते आलं त्यानंतर काही वर्षांनी, आणि मुलांच्या कॉयरच्या ज्या जाहिराती सगळ्यांना आठवतात त्या तर तो गेल्यावरच्या. विमान कंपनीने त्याचं गाणं घेतलं, त्याने विमान कंपनीसाठी लिहिलं नाही.

आणि त्याच्याही कितीतरी आधी, जोडी फुटली, लग्न मोडलं, हाती काही नव्हतं, त्या दिवसांत त्याने 'टेंटरफिल्ड सॅडलर' लिहिलं. १९७२ च्या अल्बमला नावही तेच दिलं. जॉर्ज वुलनॉ, त्याचे आजोबा, १९०८ पासून १९६० पर्यंत टेंटरफिल्डच्या हाय स्ट्रीटवर खोगिरं शिवत होते. आपल्याकडे ज्याला जीनगर म्हणत, तो धंदा. बावन्न वर्षं एक दुकान चालवणारा, गावाने आदराने ओळखलेला कारागीर. 'गरीब बिचारा' हे शब्द त्यांना अजिबात बसत नाहीत. ते दुकान अजून उभं आहे. निळसर ग्रॅनाइटच्या जाड भिंती, बैठं छप्पर, पुढे पडवी. भर उन्हाळ्यात आत पाऊल टाकलं तेव्हा मला गारवा जाणवला, आणि पडवीत उभं राहिल्यावर कळलं की रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाचीही नजर इथे बसलेल्या माणसाकडे जाणारच.

गाण्यात तीन पिढ्या आहेत. काम करत बसणारा जॉर्ज. त्याचा मुलगा, ज्याचा शेवट असा का झाला हे लोक विचारतात आणि जॉर्जकडे उत्तर नाही. आणि तिसरा, जग फिरणारा, कुठेच मुक्काम नसलेला, आडनाव बदललेला एक जण. पीटर स्वतःचं नाव त्यात कुठेही घेत नाही. त्या तिसऱ्याची ओळख गाण्यात एकच आहे: जॉर्जचा नातू.