एका दिवसात कोल्हापूर उरकून जाणाऱ्यांनो

चार रात्री जागून मी मैत्रिणीचा एक दिवस आखला आणि तो तिच्या नवऱ्यानं रविवारी सकाळी गाडीची काच खाली करता करता मोडीत काढला. आज आठवडा झाला. राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसले.

मैत्रीण जालन्याची, हॉस्टेलपासूनची. पंधरा वर्षं मी "ये की गं, ये की" म्हणत होते. दिवाळीच्या सुट्टीत एकदाचं जमलं. "आमच्यापैकी कुणीच कोल्हापूर बघितलेलं नाही. शनिवारी रात्री पोचतो, सोमवारी पहाटे निघतो. मधला दिवस तू ठरव, आम्हाला काय कळतंय तिथलं." असं म्हटल्यावर कुठला कोल्हापूरकर गप्प बसेल? मी लगेच विचारलं : सासूबाईंना किती चालवतं? अनवाणी रांगेत उभं राहणं जमेल का? पोरगं तिखट खातं का? मटण कोण कोण खाणार? आणि सकाळी कितीला उठाल, खरं सांग. पाच प्रश्न. उत्तर म्हणून व्हॉट्सॲपवर एक अंगठा आला. अंगठ्यावरून मला सासूबाईंचे गुडघे कसे कळणार? परत फोन केला, तर "तू ठरवशील ते चालेल गं." हे वाक्य कुणाला म्हणायचं असेल तर मनापासून म्हणा, नाहीतर म्हणूच नका. समोरचा माणूस त्यावर कामाला लागतो.

मी लागले. सुट्टीतला रविवार म्हणजे अंबाबाईच्या दारात अख्खा महाराष्ट्र. म्हणून पहिली आणि एकमेव अट : पहाटे साडेपाचला देवळात. त्या वेळी रांग सरकत असते, पायाखालचा दगड गार असतो आणि बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघत उभं राहिलं तर मागून कुणी ढकलत नाही. महाद्वारातूनच आत का जायचं तेही लिहून दिलं. देवीचं तोंड पश्चिमेला आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटी मावळतीचं ऊन त्याच दारानं आत शिरतं, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. तेवढं डोक्यात ठेवून त्या दारातून चाललं की देऊळ वेगळंच दिसतं.

तिथून भवानी मंडप, चालत पाच मिनिटं. मग मिसळ, लवकर, कट ताजा असताना. मग न्यू पॅलेस, १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला, आठकोनी मनोऱ्यात घड्याळ असलेला. एकला आमच्या घरी जेवण, सासूबाईंनी तासभर आडवं व्हायचं. चारला खासबाग. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम बघून आल्यावर बांधून घेतलेलं कुस्तीचं मैदान, १९१२ पासूनचं. शेजारी केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं त्या रात्री आमच्या पेठेत कुणी झोपलं नव्हतं. तिथं दोन मिनिटं थांबावं असं मला वाटत होतं. मग बिंदू चौकात फुले आणि आंबेडकरांचे पुतळे. ९ डिसेंबर १९५० ला बसवलेले, म्हणजे बाबासाहेब हयात असताना. सूर्य मावळताना रंकाळा तलाव. रात्री गंगावेशीत म्हैस समोर पिळून दिलेलं दूध. न्यू पॅलेस आणि रंकाळा सोडला तर गाडीला हात लावायची गरज नाही.

पन्हाळा यात मुद्दाम नव्हता. पण पोरगं चौथीत आहे, इतिहासाच्या पुस्तकात सगळे शिवाजी महाराज, म्हणून खाली दुसरा पर्याय लिहिला : पन्हाळा बघायचाच असेल तर दर्शन करून थेट वर जा, अख्खा दिवस तिथं द्या आणि गावातलं बाकी सगळं सोडा. दोन्हीपैकी एक निवडा. अंगठा आला.

आता रविवार. साडेपाचला मी महाद्वारात उभी. सहा. साडेसहा. फोन लागेना. साडेनऊला गाडी आली, काच खाली झाली आणि दाजींनी मोबाईल पुढं केला. "वहिनी, तुमचं प्लॅनिंग छानच आहे, पण त्यात ठिकाणं कमी आहेत. हे बघा, एका दिवसात सगळं होतंय." कुणाची तरी रील. अंबाबाई, न्यू पॅलेस, पन्हाळा, ज्योतिबा, कणेरी मठ, नरसोबाची वाडी, खिद्रापूर, रंकाळा. चाळीस सेकंदांत आठ ठिकाणं, प्रत्येकाला पाच सेकंद.

अहो, नकाशा तरी उघडा! पन्हाळा आणि ज्योतिबा वायव्येला. कणेरी दक्षिणेला. वाडी आणि खिद्रापूर पूर्वेला. खिद्रापूर एकटं साठेक किलोमीटर लांब. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात मान वर केली की छताच्या जागी आभाळाचा गोल तुकडा दिसतो, आणि भोवतीच्या खांबांवर ऊन कसं फिरतं ते बघायला तिथं निवांत बसावं लागतं. रील करणाऱ्यानं आठ दिवसांत आठ वेळा शूटिंग केलं असेल, किंवा एखाद्या ठिकाणी गेलाच नसेल, त्याला कोण विचारणार? त्याच्यावर तुमचा विश्वास. जन्म मंगळवार पेठेत गेलेल्या माणसाच्या चार रात्रींवर नाही.

साडेनऊला रविवारची रांग कुठं पोचलेली असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. दीड तास उभं राहिल्यावर दाजी घड्याळ बघायला लागले. "पुढं लई राहिलंय, मुखदर्शन घेऊ आणि निघू." सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा अंबाबाईच्या दारात आलेल्या. त्यांनी जालन्याहून ओटी भरायला खण, नारळ, बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या असं सगळं एका कापडी पिशवीत नीट बांधून आणलेलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. लांबून हात जोडले आणि पिशवी माझ्या हातात दिली. "तू इथलीच आहेस, सवडीनं भरशील का माझ्या नावानं?" त्या वेळी माझ्या डोळ्यात पाणी आलं. मैत्रीण शेजारीच उभी होती, फोटो चांगला आला का बघत.

मिसळ झाली नाही, कट संपला होता. न्यू पॅलेस गाडीतून, "तो बघ मनोरा" म्हणून. दुपारी तीनला पन्हाळा, सुट्टीची गर्दी, वर चढायलाच पाऊण तास. तीन दरवाज्यापाशी फोटो. अंधारबावीत उतरायला वेळ नाही. अंबरखाना बाहेरून. पोरगं सारखं माझा हात ओढत होतं, "मावशी, महाराज ज्या वाटेनं बाहेर पडले ती कुठली?" त्याला सगळं पाठ होतं. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० चा पावसाळा, शिवा काशीद, घोडखिंडीत बाजीप्रभू. राजदिंडीकडं त्याला घेऊन निघाले. ज्या वाटेनं ती पालखी भर पावसात रात्रीची उतरली, ती वाट त्याला दाखवायची होती. अर्ध्यावर गेलो असू, मागून हॉर्न. एक नाही, तीन. "चला चला, ज्योतिबा राहिलाय!" पोरगं थांबलं, मागं बघितलं, पुढं बघितलं आणि मुकाट्यानं परत फिरलं. चौथीतल्या मुलानं जालन्याहून एकच गोष्ट मनात धरून आणली होती. ती त्याच्यापासून पाच मिनिटांवर होती. हे मी दाजींना माफ करू शकत नाही.

ज्योतिबाला गुलालात पाय भरले, दर्शन पळत. वाडी, खिद्रापूर, कणेरी अर्थातच राहिलं. रंकाळ्यावर पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते, पाणी दिसत नव्हतं, गाडी लावायला जागा नव्हती. "तळंच आहे की, तळी जालन्यातपण आहेत." हे तिचं वाक्य. माझ्या मैत्रिणीचं. मावळतीला शालिनी पॅलेसच्या अंगाला बसवून तिला ते तळं दाखवायचं म्हणून पंधरा वर्षं थांबले होते मी.

आणि घरी आई. सकाळी सहाला तिनं दादाला मटणाच्या रांगेत उभं केलेलं. एक वाजता ताटं मांडलेली. एकचे दोन झाले, दोनचे चार, मी लाजेनं फोन उचलत नव्हते. रात्री दहाला ही मंडळी आली. तांबडा रस्सा परत गरम केला तर चालतो, पांढऱ्याचं तसं नाही. नारळाचं दूध असतं त्यात. आईनं मंद आचेवर, सारखा ढवळत, जीव मुठीत धरून गरम केला, तरी फुटला. वाटीत पाणी एकीकडं, दाणे एकीकडं. साठ वर्षांच्या बाईनं पाहुण्यांपुढं फुटलेला रस्सा ठेवताना मान खाली घातली. चूक तिची नव्हती. दाजी जेवता जेवता म्हणाले, "कोल्हापूर एका दिवसात होतं, वहिनी. तुम्ही उगाच घाबरवत होतात."

काय झालं? काय बघितलं तुम्ही? गाभारा नाही, खासबाग नाही, बिंदू चौक नाही, राजदिंडी नाही, रंकाळ्याचं पाणी नाही. मोबाईलमध्ये फोटो किती आहेत ते मला सांगू नका.

वेळ कमी असतो, सुट्टी मिळत नाही, परत येणं होईल का माहीत नाही, हे मला कळतं. मीही नोकरी करते. म्हणूनच म्हणते, एकच दिवस असेल तर दोन ठिकाणं बघा आणि पोटभर बघा. आणि गावातल्या माणसाला आखायला सांगायचं असेल तर त्याचं ऐकायची तयारी ठेवा. ऐकायचं नसेल तर आधीच सांगा, आम्ही आमची झोप काढू.

आज परत रविवार. सुट्ट्या अजून संपलेल्या नाहीत. पहाटे उठून सासूबाईंची पिशवी घेऊन महाद्वारातून आत गेले. साडेपाचला रांगेत, सव्वासहाला देवीसमोर. त्यांचं नाव घेऊन ओटी भरली, खण आधी, मग बांगड्या, मग नारळ. बाहेर आले तर फटफटत होतं आणि मिसळवाल्यानं नुकताच कट चढवला होता. तिथूनच त्यांना फोन केला. पलीकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग म्हणाल्या, "गर्दी नव्हती का गं?"