ईस्टर एका रविवारचा नाही

ईस्टरच्या आठवड्यात इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ईस्टर हा एका रविवारचा सण, नवे कपडे, केक नि अंडी, पुनरुत्थानावरचा, म्हणजे येशू मेलेल्यांतून उठला यावरचा, विश्वास म्हणजे मेल्यावर स्वर्ग मिळेल एवढीच आशा, रोजच्या जगण्याशी त्याचा संबंध नाही, आणि क्षमा शिकवणारा हा धर्म माणसाला अन्याय सोसायला लावतो. मी इथल्याच मराठी ख्रिस्ती घरातला. मेसेज पाठवणारी माणसं ओळखीची आहेत, चांगली आहेत, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटतं.

एका रविवारचं आधी. चर्चच्या पंचांगात ईस्टरकाळ पन्नास दिवसांचा, थेट पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत. येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला, म्हणून दर रविवारच्या उपासनेतही पुनरुत्थानाचीच आठवण असते. अंडी मुलांना आवडतात. त्यावर वाद कशाला?

दुसरा मुद्दा मात्र मला फार लागतो. पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, करिंथकरांना, बायबलमधलं पहिलं पत्र लिहिलं ते साधारण इ. स. 55 च्या सुमारास. त्याचा पंधरावा अध्याय सगळा पुनरुत्थानावर आहे. तिथे तो म्हणतो, मेलेले उठत नसतील तर खाऊ-पिऊ या, उद्या मरायचंच आहे. म्हणजे बेफिकिरीचं जगणं त्याच्या मते पुनरुत्थान नाकारण्यातून येतं. अध्यायाच्या शेवटी तो सांगतो की प्रभूमधले तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. आणि पुढच्याच ओळीत, सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला, यरुशलेमेतल्या गरजू बांधवांसाठी वर्गणी! दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, इतकं नेमकं. मधे स्वर्गाची वाट बघत बसायला जागाच ठेवलेली नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या कथेच्या एका पुस्तकात, उठलेला येशू काय करतो? रात्रभर जाळी टाकून दमलेल्या शिष्यांसाठी किनाऱ्यावर निखाऱ्यांवर मासे आणि भाकर तयार ठेवतो. न्याहारीनंतर, अटकेच्या रात्री तीनदा आपली ओळख नाकारणाऱ्या पेत्र या शिष्याला तो तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि दर वेळी त्याच्यावर कळपाची, म्हणजे आपल्या अनुयायांची, काळजी सोपवतो. पेत्राचा गुन्हा झाकला जात नाही, पण त्याचं कामही काढून घेतलं जात नाही. आमच्या चर्चमधल्या एक मावशी एमवाय या इंदूरच्या सरकारी रुग्णालयात झाबुआ-खरगोनकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना डबा नेतात, घरावरून अबोला धरलेल्या भावाला दुसरा भाऊ आधी फोन करतो. मला तर ईस्टर तिथेच दिसतो.

आता अन्याय सोसण्याचं. हे इंदूरकरांनी तरी म्हणू नये. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला सिस्टर राणी मारिया या कॅथलिक नन शेतमजुरांना सावकारांच्या पिळवणुकीविरुद्ध उभं करत होत्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांचा खून झाला. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, त्याही सिस्टरच. 2002 मध्ये त्यांनी तुरुंगात जाऊन त्या माणसाला राखी बांधली. त्याला पश्चात्ताप झाल्यावर कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी विनंती केली, आणि 2006 मध्ये तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 ला इथे इंदूरमध्येच राणी मारियांना धन्य (कॅथलिक चर्चमध्ये संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं.

क्षमेने खुनाला खून म्हणणं थांबवलं नाही. कोर्टाचं काम कोर्टाने केलं, शिक्षा झाली. कुटुंबाने सोडला तो सूड, आणि तोही त्या माणसाच्या तोंडाकडे बघून, त्याच्या मनगटाला धागा बांधून. सावकारांशी भांडताना जीव देणारी एक बहीण, मारेकऱ्याला भाऊ म्हणणारी दुसरी. यातली कोण अन्याय सोसत बसली होती, ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी मला सांगावं.