झेंडूची पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल
सूर्यफुलाच्या कुळावरचा तुमचा लेख वाचला. या कुळाचं मूळ दक्षिण अमेरिकेत, असं त्यात म्हटलंय ते पटलं. पण त्यामागचा पुरावाही यायला हवा होता, फार सुंदर आहे तो. १९८७ साली जॅन्सन आणि पामर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवलं, की या कुळातल्या वनस्पतींच्या हरितलवकातल्या (पेशींमधल्या हिरव्या कणांतल्या) डीएनएचा एक मोठा तुकडा उलटा बसलाय. याच कुळातल्या, दक्षिण अमेरिकेत वाढणाऱ्या बार्नाडेसियाच्या गटात मात्र तो सुलटाच आहे. म्हणजे तुकडा उलटण्याआधीच ही दक्षिण अमेरिकी शाखा वेगळी झाली, म्हणून कुळाचं मूळही तिकडचं.

याच कुळातला आपला दसऱ्याचा झेंडूही अमेरिका खंडातलाच, मूळचा मेक्सिकोचा. त्याची सुकलेली एक पाकळी उपटून पाहा, बुडाशी बारीक काळं बी दिसेल. प्रत्येक पाकळी वेगळं फूल! आणि पावसाळ्याअखेर सह्याद्री पिवळा करणारी, याच कुळातली आपली सोनकी? तिच्यावर एक ओळ तरी हवीच होती.